सोळा घरांचा सूर

पहाटे ५.१५

परळच्या चाळीतला तळमजल्यावरचा गाळा. आठ बाय दहा फूट. शटर अर्धं वर आहे. रात्रभर कोसळून पाऊस आता नुसता भुरभुरतोय. आत फळीवर चार तबले ओळीने बसलेत. त्यांच्यावर हातभर अंतरावर साठचा पिवळा बल्ब लोंबतोय. तो रात्रभर चालू होता. एलईडी इथे कामाचा नाही, त्याला ऊब नसते.

मामा चपला दाराशी काढतात. ट्यूबलाइट लावायच्या आधी त्यांचा हात तबल्याकडे जातो. बोटाची मागची बाजू ते कातड्यावरून फिरवतात.

"पाणी प्यायलंय."

सप्टेंबरची हवा. कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. मामा बल्ब वीतभर खाली घेतात.

मामा पंचावन्न वर्षांचे. पंधराव्या वर्षापासून हेच काम. हे चार तबले आज नरिमन पॉइंटला जायचेत. तिथे संध्याकाळी सत्तर वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद बसेल. व्हायोलिन, चेलो, ओबो, हॉर्न, आणि पुढ्यात तबला. वाजवणाऱ्या ताई पुण्याच्या. तबला नीट राहील ही जबाबदारी मामांची.

६.००

तबले बल्बखालीच राहतात. मामा पखवाज पुढ्यात ओढतात. गणपतीला आठ दिवस उरलेत. भिंतीच्या खिळ्यांना, छताच्या आकड्यांना पखवाज आणि ढोलक्या टांगल्यात. मी मोजतो, एकवीस. प्रत्येकीला चिठ्ठी. भजनी मंडळाचं नाव, गावाचं नाव, आणि सूर: काळी एक, काळी दोन. बरीचशी वाद्यं कोकणात जाणार. गाडीची तिकिटं काढून झालीत, वाद्य तेवढं हातात यायचंय.

भाचा येतो. बावीस वर्षांचा. रोज ७०० रुपये, चहा-नाश्ता मामांचा. रात्री बादलीत भिजत घातलेली वादी तो बाहेर काढतो. म्हशीच्या कातड्याची लांबच लांब पट्टी, ओली, जड, उग्र वासाची. मामा जमिनीवर बसतात. दोन्ही तळपाय पखवाजाच्या खोडाला टेकवतात, वादी मुठीला गुंडाळतात आणि पाठ मागे टाकून खेचतात. निघालेली ढील भाचा पुढच्या घरात सरकवतो. परत खेच. परत ढील. अशी एक फेरी, मग दुसरी, मग तिसरी.

तिसऱ्या फेरीला मामांचा बनियन पाठीला चिकटलेला असतो. त्यांच्या उजव्या तळहातावर आडवा घट्टा आहे. चाळीस वर्षं वादी तिथूनच गेली.

पखवाजाची पुडी बदलून चढवायचे १,८०० मिळतात. कातडं, वादी, शाईचा खर्च काढला की हातात साडेसातशे उरतात.

७.३०

कटिंग चहा, दहा रुपये. तो पिता पिता मामा दोन नव्या पुड्या पुढे घेतात. गेल्या आठवड्यात चढवल्या, आज शाईला शेवटचा हात.

पुडी म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचे थर. कडेला चाट, मध्ये लव, लवेवर काळी गोल शाई. भोवती वेणीसारखा गजरा. गजऱ्यात सोळा घरं. त्यांतून वादी खाली उतरते, आणि वादीखाली लाकडाचे आठ गट्टे. गट्टा खाली ठोकला की वादी ताणते, सूर चढतो.

शाई भाताची खळ, लोखंडाची बारीक भुकटी आणि काजळी घोटून करतात. बोटाने पातळ थर द्यायचा, गोट्याने घासायचा, मग पुढचा थर. मामांचा गोटा अंड्याएवढा, काळा. वडिलांच्या हातचा आहे. एक बाजू झिजून चकचकीत झालीय. घासताना शाईला केसासारख्या भेगा पडतात. त्या पडायलाच हव्यात. नाहीतर शाई दगडासारखी बसेल आणि खालचं कातडं हलायचं नाही.

साध्या नगाऱ्याच्या कातड्यातून जे निरनिराळे स्वर उठतात ते एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याचे जुळतात, तारेसारखे, कारण मधल्या शाईचं वजन त्यांना ओळीवर आणतं. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात हे तपासलं आणि १९२० साली 'नेचर'मध्ये छापलं. मी हे मामांना सांगतो. गोटा फिरतच राहतो.

"बरोबर सांगितलंय त्यांनी," मामा म्हणतात. "शाई कुठे जाड, कुठे पातळ, त्यावरच आस ठरते, नाद किती रेंगाळतो ते. आमच्या वडिलांनी हे बोट धरून शिकवलं."

९.००

बल्ब बंद. चारही तबले चुंबळीवर येतात. ताईंनी कागदावर लिहून दिलंय: पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक, पांढरी सहा. पेटीच्या पट्ट्यांची ही भाषा मामांना तोंडपाठ. पांढरी दोनचा तबला सगळ्यांत लहान, तोंड पाच इंच. पांढरी सहाचा सव्वासहा इंच, खर्जातला. कागदाच्या तळाशी आकडा आहे: ४४२.

वाद्यवृंद लावताना सगळे एका स्वराला धरून लावतात. त्याला ते 'ए' म्हणतात. तीच आपली पांढरी सहा. सेकंदाला ४४० कंपनं, असं जगभर ठरलेलं आहे. पण पुष्कळ वाद्यवृंद ४४२ धरतात, स्वर जरा उजळ लागतो म्हणून. हे दोन स्वर वेगवेगळे ऐकले तर फरक सहज कळत नाही. एकत्र वाजले की मात्र सेकंदाला दोनदा आवाज लहरतो.

मामांना हा आकडा बारा वर्षांपूर्वी कळला. तेव्हा एका कार्यक्रमाला ते तबला गाळ्यातल्या पेटीवर लावून घेऊन गेले होते. तिथे व्हायोलिनं लागली आणि तबला खाली पडला. वेळ नव्हता. मामांनी विंगेत उकिडवं बसून घाईने चढवला आणि एक घर फाटलं.

"टच्च. एवढाच आवाज आला," मामा सांगतात. "दुसरा तबला होता म्हणून निभावलं."

आता ते हातोडी उचलतात. आधी गट्टे, मग गजरा. एका घरावर वरून ठोका, मग त्याच्या बरोबर समोरच्या घरावर. प्रत्येक ठोक्यानंतर बोटाने चाटेवर 'ना'. जे घर चढं बोलतं, तिथे गजऱ्याला खालून टोला. भाचा मोबाइल जवळ धरून बसलाय. पडद्यावरचा काटा मधोमध येतो, हिरवा होतो.

"मामा, लागला."

"हे घर लागलं. अजून पंधरा आहेत."

चारही तबले लागायला पाऊण तास जातो. शेवटी मामा सगळे केसभर खाली ठेवतात. तिथला एसी कोरडा असतो. तो त्यांना वर नेणार.

१०.४०

परळ स्टेशन. सीएसएमटीचं तिकीट माणशी पाच रुपये. पावसाचं प्लास्टिक गुंडाळलेल्या तीन पिशव्या. आत चार तबले, दोन डग्गे, जादा वादी, गट्टे, हातोडी. बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या मामा वर्षभर जमवतात. प्रत्येक पिशवीत तसल्या दहा-बारा टाकल्यात.

धीमी लोकल येते. मामा मालडब्याकडे चालतात. आत डबेवाले आहेत. डब्यांचे लाकडी लांबट ट्रे, वर पांढऱ्या टोप्या. एकजण ट्रे सरकवून जागा करतो.

"भजनाचं काय हो?"

"तबला आहे. नरिमन पॉइंटला."

"बसा की मग."

मामा बसत नाहीत. डग्गा मांडीएवढ्या उंचीवर धरून उभे राहतात. तांब्याच्या भांड्याला पोचा पडला तर तो काढायला ४०० रुपये आणि दोन दिवस जातात.

११.२०

टॅक्सी. महापालिका मार्गावरून मेट्रो सिनेमाच्या चौकाकडे. डाव्या-उजव्या बाजूच्या दगडी इमारती पावसाने काळ्या पडल्यात. सेंट झेवियर्स कॉलेज लागतं. मी मामांना ते दाखवतो. याच्या आतल्या चौकात १९५८ साली अँथनी गोन्साल्विस यांनी भला मोठा वाद्यवृंद बसवला होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. दिवसा हिंदी सिनेमांची गाणी वाजवायचे, आणि राग व सिम्फनी एकत्र नांदावेत म्हणून स्वतः रचना लिहायचे. त्या वाद्यवृंदाबरोबर लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते.

मामा काचेवरची वाफ पुसून बघतात.

"उघड्यावर?"

"चौकात."

"मग पावसाळा नसणार," मामा म्हणतात. तेवढ्यात मरीन ड्राइव्ह येतो. टॅक्सीला ७५ रुपये.

१२.००

मागचं दार. वहीत नाव, वेळ, पिशव्या किती ते लिहायचं. मग लांब बोळ, आणि एकदम थंड हवा. मामा पिशव्या लगेच उघडत नाहीत. बाहेरची ओल आणि आतली थंडी एकदम भेटू द्यायची नाही. पंधरा मिनिटं पिशव्या बंद. मग चेन अर्धी. मग प्लास्टिक काढायचं. मग तबले रंगमंचावर, जिथे वाजणार तिथेच. तासभर त्यांना कोणी हात लावायचा नाही.

रंगमंचावर खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्यात. मागे तांब्याची चार मोठी टिंपनी. त्यांचा वादक आधीच आलाय. तो पडद्यावर हलकं टिपरू मारतो आणि पायाने पेडल दाबतो. स्वर सरकन वर जातो. पेडल वर आणतो, स्वर खाली. टिंपनीवर प्लास्टिकचा पडदा आहे, त्याला हवेचं फारसं काही वाटत नाही. मामा जवळ जाऊन पेडलची यंत्रणा वाकून बघतात. वादक त्यांच्यासाठी परत एकदा दाबून दाखवतो.

१.००

डबा. चपाती, गवारीची भाजी, लसणाची चटणी. मामा जिन्यावर बसून जेवतात. तिथून रंगमंच दिसतो. मी मामांना सांगतो, पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर बसायचा हा रस्ता सतारीने आधी चालून दाखवला होता. १९७१ साली लंडनमध्ये रविशंकर यांनी सतार आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना आंद्रे प्रेविन यांच्या संचालनाखाली वाजवली. तबल्यासाठी झाकीर हुसेन यांनी 'पेशकार' लिहिली. ती २०१५ च्या सप्टेंबरात इथेच, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत, पहिल्यांदा वाजली.

"सप्टेंबरात," मामा म्हणतात आणि डब्याचं झाकण लावतात. "तेव्हाही कोणीतरी कातड्याशी झगडत असणार."

२.००

तालीम. ताई हात जोडून येतात. "मामा, कसे आहेत तबले?"

"ताई, तुम्ही बघा. पांढरी दोन चढलाय. मी येतो."

चढलाय खराच. दोन तासांच्या थंड, कोरड्या हवेने आणि वरच्या दिव्यांनी लव ताणलीय. मामा गजऱ्याला खालून ठोके देतात. सूर हवा त्याच्याही खाली नेतात आणि मग वरून मारत जागेवर आणतात. उतरवून सोडलेला तबला परत चढतो. खालून चढवत आणलेला जागेवर टिकतो.

ओबोवादक 'ए' देतो. एक बारीक, सरळ स्वर. आधी बाकीची फुंकवाद्यं, मग तंतुवाद्यं त्याला येऊन मिळतात. ताई सव्वासहा इंचीवर 'ना' मारतात. मामा विंगेत डोळे मिटून उभे. मग मान हलवतात.

संचालकांच्या हातात काडी आणि पुढ्यात नोटेशन. ते चारचा ठेका मोजतात. ताई त्यावर तीनतालाच्या सोळा मात्रा धरतात, म्हणजे संचालकांचे चारचे चार ठेके मिळून एक आवर्तन. बाकी सगळं नीट बसतं. तिहाईपाशी गाडी थांबते. तिहाईचा शेवटचा 'धा' समेवर पडतो, पण हॉर्नवाले अर्धी मात्रा आधी येतात. त्यांना तीनदा फिरणारा तोच बोल कुठे संपतो ते कळत नाही. ताई तोंडाने म्हणून दाखवतात, तिसऱ्या फेरीला हात वर करतात. संचालक नोटेशनवर पेन्सिलने तीन कंस काढतात. पुन्हा. पुन्हा. पाचव्या खेपेला सत्तर जण आणि एक तबला एका क्षणी समेवर येतात. व्हायोलिनवाले धनुकलीने स्टँडवर टकटक करतात. त्यांची ही टाळी.

४.३०

चहाची सुट्टी. कझाकस्तानातून आलेला एक व्हायोलिनवादक तबल्यापाशी वाकतो. गट्ट्याकडे बोट दाखवून भुवया उंचावतो. मामा गट्टा ठोकून दाखवतात, 'ना' मारतात. परत ठोकतात, परत 'ना'. वादक हसतो. मग आपली धनुकली पुढे करतो. तिचे केस घोड्याच्या शेपटीचे. तो छताकडे, मग बाहेरच्या पावसाकडे बोट दाखवतो आणि केस सैल पडल्याची खूण करतो. मुंबईत आला की रोज स्क्रू जास्त फिरवावा लागतो.

मामा केसांवरून बोटाची मागची बाजू फिरवतात. सकाळी फिरवली होती तशीच.

"यालाही पाणी लागतं," ते मला म्हणतात.

६.१५

बाहेर परत जोराचा पाऊस. दारं उघडतात. लोक ओल्या छत्र्या घेऊन, ओल्या पायांनी येतात. मामा पडद्याच्या फटीतून खुर्च्या भरताना बघतात. हजार माणसांचे ओले कपडे, हजार जणांचा श्वास. दुपारी हे सभागृह रिकामं आणि कोरडं होतं. आता हवा जड होणार, कातडं थोडं सैल पडणार.

"दुपारी खाली आणले. आता थोडे वर ठेवतो," मामा म्हणतात.

ग्रीनरूममध्ये भाचा मोबाइल धरतो. दोन-दोन ठोके, चारही तबल्यांना. काटा मध्यापासून किंचित उजवीकडे राहतो. भाचा काही बोलत नाही. त्यालाही आता समजलंय.

७.००

पहिली रचना वाद्यवृंदाची एकट्याची. ती संपते. दोन मदतनीस चौथरा पुढे सरकवतात, त्यावर गालिचा, माइक. भाचा तबले मांडतो. एवढ्या लोकांसमोर हातोडीचा आवाज करायचा नाही, म्हणून मामा विंगेतच थांबतात. आता जे आहे ते आहे.

ताई बसतात. ओबो 'ए' देतो. व्हायोलिनं लागतात. त्यात ताईंचा एक 'ना'.

पंचवीस मिनिटांची रचना. मामा लाकडी खोक्यावर बसलेत, हात गुडघ्यावर. त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरतो, गजरा चाचपल्यासारखा. पहिला भाग संपतो तेव्हा ताई गालिच्यावरची छोटी हातोडी उचलतात, काळी एकच्या दोन घरांना हलकेच टेकवतात, ठेवतात. मामा खोक्यावर पुढे सरकतात. ताईंनी योग्य घरं धरली. ते मागे टेकतात.

शेवटचा भाग. टिंपनीवाला पेडल दाबून पांढरी दोनवर येतो. त्याच स्वरावर ताईंचा पाच इंची तबला. मागे तांब्याची, कढईएवढी टिंपनी, पुढे वाटीएवढं बकऱ्याचं कातडं. एक खर्जात, एक वरच्या सप्तकात. दोघं आळीपाळीने बोलतात, मग एकदम. मी स्वर कुठे लहरतोय का ते ऐकत राहतो. लहर नाही. तिहाई येते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि हॉर्नसकट सगळे समेवर.

टाळ्या. मामा उठून उभे राहतात, पण टाळ्या वाजवत नाहीत. ताई आत येताच तबले त्यांच्या हातून घेतात आणि पांढरी दोन वाजवून बघतात.

"सव्वा ठोका उतरला होता शेवटी," ते म्हणतात.

"कळलं नाही कोणाला," ताई म्हणतात.

"तुम्हाला कळलं ना?"

"हो."

८.१५

मध्यंतर. तबले पुण्याला जाणार. मामा ते ताईंच्या पेटाऱ्यात भरतात आणि ओल शोषणाऱ्या सगळ्या पुड्याही त्यातच टाकतात. ताई पाकीट देतात. तबल्याच्या दोन नव्या पुड्यांचे ३,०००, दिवसाचे ३,५००. मामा जिन्यावर बसून वहीत लिहितात. कातडं-शाई ९००. भाचा ७००, उशिराचे २००. रेल्वे २०, टॅक्सी १५०, चहापाणी १३०. उरले ४,४००.

खाली वेगळ्या ओळीत लिहितात: आज पखवाज ३ राहिले.

९.२०

परतीची लोकल. हात रिकामे आहेत तरी मामा सवयीने मालडब्यात चढतात. मसजिदला भाचा झोपतो. परळ आलं की मामा त्याच्या गुडघ्यावर बोटाने 'धा' मारून त्याला उठवतात.

१०.००

गाळ्याच्या बंद शटरला टेकून तीन मुलं बसलीत. भजनी मंडळाची. सोबत एक पेटी, चादरीत गुंडाळलेली. त्यांची गाडी सकाळी पाच पन्नासची आहे.

"मामा, फक्त सुरात लावायचाय. एकच."

मामा शटर वर करतात. भाच्याला घरी जायला सांगतात. तो जात नाही, पिवळा बल्ब लावतो. आकड्यावरचा पखवाज खाली येतो. सकाळी ओढलेलाच.

"सूर?"

"काळी एक. पण आमच्या पेटीची."

पेटी जुनी आहे, भाता ठिकठिकाणी शिवलेला. भाचा मोबाइल पुढे धरतो. काटा ४४० च्या हिशेबात बसत नाही, ४४२ च्याही नाही. मामा मोबाइल बाजूला करायला सांगतात. आठ दिवसांनी गावच्या ओटीवर हीच पेटी वाजणार आहे. तिथला सूर तोच.

"धरून ठेव," ते मुलाला म्हणतात. मुलगा भाता हलवतो, काळी एक दाबून धरतो. मामा पखवाज मांडीवर घेतात आणि पहिल्या घरावर ठोका देतात. पेटी आणि कातडं एकत्र बोलतात, आवाज लहरतो. आणखी एक ठोका. लहर संथ होते. आणखी एक. थांबते.

मामा पखवाज फिरवून समोरचं घर पुढे घेतात. पंधरा उरलीत.